कपाटातलं निकोबारी कबूतर आणि डोडोचं उरलेलं डोकं

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमधल्या एका जुन्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्या विभागात काचेच्या कपाटात पेंढा भरलेले १४ पक्षी आहेत. विभाग नव्या इमारतीत हलतोय आणि कपाट निकालात काढा असं सांगितलं गेलंय. त्यातल्या एका काळपट हिरव्या कबुतराला आमच्या प्रयोगशाळेतले मामा वर्षानुवर्षं ‘डोडोचा भाऊ’ म्हणत आलेत. पायाच्या लेबलवर ‘नासिक’ असं वाचता येतं. हा एखाद्या बेटावरचा नामशेष पक्षी असेल का? असे नमुने जगात किती उरलेत? आणि या कपाटाचं काय करावं? फोटो जोडले आहेत.

मॅडम, उत्तर वाचण्याआधी एक काम करा. कपाटाला कुलूप लावा आणि चावी तुमच्याकडे ठेवा. मुलांना हात लावू देऊ नका. सफाईवाल्यांना तर अजिबात नको. कारण पुढे येईलच.

पक्ष्यांची कातडी सांभाळण्यात माझी ३१ वर्षं गेली. बहुतेक मुंबईच्या एका मोठ्या संग्रहात, आणि निवृत्तीनंतर इथे गंगापूर रोडला राहायला आल्यापासून जिथून बोलावणं येईल तिथे. तुमचे फोटो मी मोठे करून तीनदा पाहिले. ते कबूतर नामशेष नाही. पण तुमचे मामा खरं बोलतायत, अगदी शब्दशः. हे निकोबारी कबूतर आहे आणि आज जिवंत असलेल्या सगळ्या पक्ष्यांमध्ये डोडोचा सगळ्यात जवळचा नातलग हाच.

ओळखलं कसं, ते सांगतो. पहिल्या फोटोत मानेवरून छातीपाठीवर लोंबणारी लांब, टोकदार पिसं दिसतात, शालीच्या झालरीसारखी. आपल्याकडच्या पारव्याला किंवा हरियालाला अशी झालर नसते. दुसऱ्या फोटोत शेपटी आहे. आखूड आणि पांढरीशुभ्र. म्हणजे पक्षी पूर्ण वाढलेला होता, कारण पिल्लाची शेपटी गडद असते. चोचीच्या बुडाशी काळी गाठ आहे. आणि पाठीचा तो तांब्या-हिरव्यासारखा झळकणारा रंग बघा. तुमचं कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे, त्यामुळे शेजारचा हळद्या उडून उडून हस्तिदंती झालाय. पण हे कबूतर अजून चकाकतंय. हळद्याचा पिवळा रंग पिसात मुरलेल्या रंगद्रव्याचा, तो उन्हाने जातो. निकोबारीचा हिरवा हा पिसाच्या बारीक रचनेवरून परतणाऱ्या उजेडाचा खेळ असतो. पीस शाबूत असेपर्यंत तो टिकतो.

आता लेबल. तुम्ही ‘नासिक’ वाचलंत, पण मला तसं वाटत नाही. पहिलं अक्षर इंग्रजी ‘एन’ आहे हे खरं. त्यापुढचं अक्षर तुम्ही ‘ए’ धरलंय, पण त्याच्या डोक्यावर टिंब आहे. म्हणजे ते ‘आय’. तिसऱ्या अक्षराची शाई पसरलीय आणि चौथ्यापासून पुढचा कागद कसरीने खाल्लाय. हे ‘निकोबार’ आहे. हा पक्षी नाशिकला कधीच नव्हता. नव्या इमारतीत जाताना कोणी उत्साहाने जुनं लेबल फेकून, संगणकावर ‘निकोबारी कबूतर, नाशिक’ असं छापून लावलं, तर चार वर्षांनी कोणीतरी लिहून मोकळा होईल की गोदावरीकाठी निकोबारी कबुतरं होती. या धंद्यातला सगळ्यात मोठा अपघात हाच. पक्षी कुजणं त्याच्या खालोखाल.

डोडोबद्दल विचारलंत, तर मनापासून सांगतो. हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

डच लोक १५९८ साली डोडोच्या बेटावर, म्हणजे मॉरिशसला उतरले. डोडो पाहिल्याची सर्वसाधारणपणे मान्य असलेली शेवटची नोंद १६६२ ची. उण्यापुऱ्या ६४ वर्षांत उडता न येणारा, जमिनीवर घरटं करणारा, माणसाची भीती ठाऊक नसलेला हा पक्षी संपला. माणसांनी खाल्ले त्याहून जास्त नुकसान जहाजांतून उतरलेल्या उंदीर, डुकरं, माकडं यांनी केलं असावं, कारण अंडं जमिनीवर आणि राखायला कोणी नाही. बेटांवरच्या बहुतेक पक्ष्यांची कथा थोड्याफार फरकाने अशीच आहे, म्हणून ती प्रत्येक वेळी पुन्हा सांगत नाही.

जगात आज पेंढा भरलेला अस्सल डोडो एकही नाही. संग्रहालयांत जे गुबगुबीत डोडो दिसतात ते हंसाबदकांची पिसं लावून केलेल्या प्रतिकृती. पुष्कळ ठिकाणी दिसणारे सांगाडेही वेगवेगळ्या पक्ष्यांच्या हाडांतून जुळवलेले, आणि त्यातली बरीचशी हाडं १८६५ पासून मॉरिशसच्या मार-ओ-साँज नावाच्या दलदलीतून निघालेली. कातडी-मांसासकट उरलाय तो फक्त एका पक्ष्याचा भाग. ऑक्सफर्डला एक डोकं आणि एक पाय. कोपनहेगनला एक कवटी आहे आणि प्रागला चोचीचा तुकडा. दुसऱ्या एका पायाची तर कथा अशी की तो लंडनला होता आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुठे गेला ते कोणाला सांगता येत नाही.

ऑक्सफर्डचा डोडो मुळात ट्रॅडेस्कंट नावाच्या बापलेकांच्या संग्रहात अख्खा होता. तो ॲशमोल या संग्राहकाकडे आला आणि त्याच्यामार्फत १६८३ साली विद्यापीठाच्या संग्रहालयात. १७५५ पर्यंत त्याची अवस्था इतकी वाईट झाली की तो काढून टाकायचं ठरलं, आणि डोकं नि पाय तेवढे वेगळे ठेवले गेले. पुष्कळ ठिकाणी वाचाल की डोडो जाळायला टाकला होता आणि कोणीतरी आगीतून डोकं ओढून काढलं. गोष्ट ऐकायला छान वाटते, पण आमच्या धंद्यातली माणसं तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत. जे खरं घडलं ते जास्त ओळखीचं आहे. पक्षी आतून किड्यांनी खाल्ला होता, आणि एका शहाण्या माणसाने कडक भाग तरी राहू दे म्हटलं.

१८४८ साली ते डोकं एका बाजूने सोलून त्याचा अभ्यास झाला. २००२ साली त्या अवशेषातून काढलेल्या डीएनएवरून ठरलं की डोडो हे कबूतरच आणि त्याच्या सगळ्यात जवळचं जिवंत कबूतर म्हणजे निकोबारी. डोडो कबूतर आहे हे डेन्मार्कच्या राइनहार्ट यांनी कवटी पाहून १८४२ मध्येच म्हटलं होतं, तेव्हा त्यांचं कोणी फारसं ऐकलं नव्हतं. आणि २०१८ मध्ये त्याच डोक्याचं स्कॅनिंग केलं तेव्हा कवटीच्या मागच्या भागात शिशाचे छर्रे सापडले. तोवर सगळे धरून चालले होते की हा पक्षी लंडनमध्ये पिंजऱ्यात जगून मेला. छर्ऱ्यांवरून कळलं की कोणीतरी मागून गोळी घातली होती. साडेतीनशे वर्षं डोकं संग्रहात होतं आणि ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती. म्हणून जुना नमुना ‘बघून झाला’ असं कोणी म्हणालं की मला त्रास होतो.

एक गोष्ट आपल्या बाजूची. डोडो हिंदुस्थानातही आला होता. पीटर मुंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२८ ते १६३४ च्या दरम्यान सुरतेला दोन डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलंय. सुरत म्हणजे नाशिकहून पेठ-धरमपूरच्या रस्त्याने एका दिवसाचं काम. आणि जहांगिराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचं मानलं जाणारं, साधारण १६२५ चं डोडोचं एक चित्र सेंट पीटर्सबर्गला आहे. युरोपातल्या चित्रांतला डोडो फार लठ्ठ असतो, पिंजऱ्यात खाऊन खाऊन सुजलेला. मन्सूरच्या चित्रातला मात्र रंगाने तपकिरी आणि अंगाने बेताचा आहे. पक्षितज्ज्ञ त्याला सगळ्यात विश्वासार्ह रंगीत चित्रांत मोजतात. डोडोच्या भोवती त्याने आपल्याकडचे पक्षी काढलेत, त्यात पट्टकादंब आहेत. हिवाळ्यात नांदूरमध्यमेश्वरला जे पाहायला तुम्ही मुलांना नेता तेच. मी पहिल्यांदा ते चित्र छापलेलं पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नाही.

किती नमुने उरलेत हा तुमचा दुसरा प्रश्न. एकच आकडा सांगता येत नाही. पक्ष्यागणिक वेगळा आकडा आहे, आणि त्या प्रत्येक आकड्यामागे किडा आहे.

कातडं सुकवून भरलं तरी त्याच्यावर छोटे भुंगेरे येतात. त्यांच्या केसाळ अळ्या पिसांची मुळं आणि कातडं खातात आणि मागे भुसा ठेवतात. अठराव्या शतकात फ्रान्सच्या मेट्झ गावात बेकर नावाच्या औषधविक्याने सोमलाचा, म्हणजे आर्सेनिक या विषाचा साबण केला. आतून कातड्याला तो चोळला की अळी जगत नाही. ही युक्ती पसरल्यानंतरचे पक्षी पुष्कळ टिकले, त्याआधीचे बहुतेक गेले. डोडो त्याआधीचा. हाच सोमल तुमच्या कपाटातही असणार, म्हणून सुरुवातीला कुलूप लावायला सांगितलं. चौथ्या फोटोत बगळ्याच्या पोटाच्या शिवणीवर पांढरी भुकटी दिसते, ती धूळ समजून फुंकू नका.

मॉरिशसचं निळं कबूतर घ्या. अंग निळं, शेपटी लाल, मानेभोवती पांढऱ्या पिसांची झालर. डच झेंड्याचेच तीन रंग, म्हणून फ्रेंच लोक त्याला ‘डच कबूतर’ म्हणत. त्याची तीनच कातडी आहेत: पॅरिस, एडिंबरा आणि खुद्द मॉरिशसचं पोर्ट लुई. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून मजूर जाऊ लागले आणि पुढे त्यांत आपली मराठी माणसंही गेली. त्याच दशकात हे कबूतर संपलं. शेजारच्या रेयुनियन बेटावरच्या मास्करीन पोपटाची दोनच कातडी, एक पॅरिसला आणि एक व्हिएन्नाला. त्याच बेटावर हुदहुदासारखा तुरा असलेली एक साळुंकी होती, ती १८५० च्या दशकात गेली. तिची १९ कातडी उरलीत. या हिशोबात ती श्रीमंतच म्हणायची.

रॉड्रिग्ज हे त्याहून लहान बेट. तिथला निळसर करडा पोपट आपल्या अंगणातल्या कंठवाल्या पोपटाचा चुलत भाऊ. १८७१ मध्ये एक मादी मिळाली आणि १४ ऑगस्ट १८७५ ला एक नर. दोन्ही केंब्रिजला आहेत. त्यानंतर कोणालाच तो मिळाला नाही. मी हा विषय मुलांना सांगतो तेव्हा त्यांना आधी खिडकीतून बाहेर, कडुलिंबावर बसलेला पोपट दाखवतो. मॉरिशसचा पोपटही याच घराण्यातला. १९८० च्या दशकात तो दहा-बारावर आला होता आणि माणसांनी घरट्यापाशी राखण बसून त्याला शेकड्यांवर नेलं. म्हणजे वेळेवर हात पुढे केला तर होतं.

न्यूझीलंडच्या हुया पक्ष्याची कातडी पुष्कळ आहेत. शेवटचा खात्रीचा हुया २८ डिसेंबर १९०७ ला दिसला. नराची चोच आखूड, सरळ आणि मादीची लांब, वाकडी. जोडी शेजारी ठेवली नाही तर अभ्यासक फसतो. १९०१ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राने टोपीत हुयाचं पीस खोवलं आणि मग सगळ्यांनाच ते हवं झालं. २०२४ मध्ये एक सुटं पीस, वजन नऊ ग्रॅम, लिलावात ४६ हजार न्यूझीलंड डॉलरांवर गेलं. मला हा आकडा कोणाला सांगताना वाईट वाटतं, कारण ऐकणाऱ्याच्या डोळ्यात लगेच वेगळीच चमक येते. तुमच्या कपाटाबद्दलही असा प्रश्न कोणीतरी विचारेल, तेव्हा ठाम राहा.

एक गोष्ट आमच्या लोकांनी कबूल करायला हवी, आणि मी करतो. यातले काही पक्षी संग्रहांनीच संपवले. उत्तर अटलांटिकमध्ये ग्रेट ऑक नावाचा, पेंग्विनसारखा उभा राहणारा, उडता न येणारा मोठा पक्षी होता. मांसासाठी, तेलासाठी, पिसांसाठी तो आधीच बहुतेक मारला गेला होता. आइसलँडजवळचा त्याचा सुरक्षित खडक १८३० मध्ये ज्वालामुखीच्या हालचालीत समुद्रात बुडाला, तेव्हा उरलेले पक्षी एल्डी नावाच्या दुसऱ्या खडकावर गेले. तोवर युरोपातल्या संग्रहकर्त्यांना कळलं होतं की हा पक्षी दुर्मिळ झालाय. दुर्मिळ झाला म्हणून भाव वाढला, भाव वाढला म्हणून नावा गेल्या. जून १८४४ च्या सुरुवातीला एल्डीवर उरलेली जोडी गळा दाबून मारली गेली. आज जगात त्याची ७८ च्या आसपास कातडी आणि ७५ च्या आसपास अंडी आहेत. त्या शेवटच्या जोडीची आतडी, काळजं, डोळे कोपनहेगनला बरण्यांत आहेत. कातडी मात्र बाजारात विकली जाऊन हरवली होती. २०१७ मध्ये बरणीतल्या अवयवांच्या डीएनएशी ताडून पाहिल्यावर नराचं कातडं ब्रसेल्सच्या संग्रहालयात सापडलं. पावणेदोनशे वर्षं लोक त्याच्यासमोरून जात होते.

न्यूझीलंडच्याच स्टीफन्स बेटावर एक उडता न येणारी चिमुकली रेन होती. १८९४ मध्ये दीपगृहाच्या मदतनिसाला, लायलला, मांजराने आणलेल्या पक्ष्यांवरून ती लक्षात आली. एकाच मांजराने सगळी जात संपवली अशी गोष्ट सांगतात. नंतरच्या शोधात दिसलं की बेटावर मांजरं अनेक झाली होती. एक-दोन वर्षांत पक्षी संपला. त्याची पंधरा-सोळा कातडी उरली, आणि त्यातली नऊ रॉथ्सचाइल्ड या एकट्या धनाढ्य इंग्रज संग्राहकाने विकत घेतली होती.

आता परत लेबलाकडे येतो, कारण तुमच्या कपाटाचा खरा प्रश्न तिथेच आहे.

लिव्हरपूलच्या संग्रहालयात एक कबूतर आहे. गडद हिरवं, अंगभर फिकट ठिपके. जगात त्याचा हा एकच नमुना. १७८३ मध्ये लॅथम या इंग्रज पक्षितज्ज्ञाने त्याचं वर्णन लिहिलं तेव्हा दोन होते, दुसरा हरवला. उरलेला लॉर्ड स्टॅन्लींच्या संग्रहातून लिव्हरपूलला आला. २०१४ मध्ये त्याच्या पिसातून डीएनए निघाला आणि कळलं की ही वेगळी जात आहे, निकोबारीच्या आणि डोडोच्या घराण्यातली. म्हणजे तुमच्या कपाटातल्या कबुतराचा हा दुसरा भाऊ. पण तो कुठला, हे आजही सांगता येत नाही. पॅसिफिकमधलं एखादं बेट असावं इतकंच. ज्याने मारला त्याने गाव लिहिलं नाही, किंवा लिहिलेलं पुढे कोणीतरी काढून टाकलं. आता शोधायला जायचं तर कुठे जाणार? पक्षी काचेआड आहे आणि त्याचा पत्ता हरवलाय.

याच्या उलट गोष्ट आपल्या खानदेशातली. रानपिंगळ्याची १८७२ ते १८८४ या काळातली साताच्या आसपास कातडी होती. त्यातली काही जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशात मिळवलेली. त्यानंतर फक्त एक नमुना, मायनर्ट्झहागन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातच्या मांडवीला मिळवल्याचं लेबल लावलेला. म्हणून पुष्कळ लोक तिकडे शोधत राहिले आणि मिळेना, तेव्हा पक्षी संपला असं मानू लागले. अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी त्या कातड्याची क्ष-किरणांनी आणि शिवणीवरून तपासणी केली. तेव्हा उघड झालं की हा डेव्हिडसननेच भरलेला जुना पक्षी आहे, ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, खोटं लेबल लावलेला. खोटं लेबल बाजूला केल्यावर उरली ती डेव्हिडसनची खरी लेबलं. त्या पत्त्यांवर त्या आणि सहकारी गेले आणि २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, रानपिंगळा झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. दोऱ्याने पायाला बांधलेल्या बोटभर कागदांनी माणसांना तिथवर नेलं.

म्हणून मी लेबलाच्या बाबतीत इतका हट्टी आहे. आणि मी स्वतः एकदा चुकलोय. नोकरीच्या सुरुवातीला एका संस्थेत, कपाटांना रंग द्यायचा म्हणून पाणपक्ष्यांची लेबलं सोडवून, ट्रेच्या क्रमाने एका खोक्यात रचून ठेवली होती. दुपारी कोणाच्या तरी धक्क्याने खोकं पडलं. ३७ लेबलं जमिनीवर. आम्ही दोन दिवस जुळवत बसलो. नऊ जुळली. बाकीचे पक्षी अजून तिथे असतील, सुंदर असतील, पण ते कुठले आणि कधीचे हे कोणालाच कधी कळणार नाही. सोडवायची कल्पना माझी होती. त्यानंतर मी पायावरून दोरा कधीच सोडला नाही.

आता तुमच्या शेवटच्या फोटोबद्दल. तुम्ही त्यावर काहीच लिहिलं नाहीत, बहुधा खालच्या फळीवर आहे म्हणून. तिथे एक गिधाड आहे, पांढऱ्या पाठीचं. पिसं विस्कटलीत, एक काचेचा डोळा पडलाय. पण लेबल स्वच्छ वाचता येतं: ‘नासिक, गोदाकाठ’, आणि खाली ११-१२-६१. हे मात्र खरंच नाशिक आहे.

तुमच्या १४ पक्ष्यांत मला सगळ्यात मोलाचा हा वाटतो. १९६१ मध्ये गंगेच्या, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठी गिधाडं दिसणं ही नवलाची गोष्ट नव्हती, म्हणूनच कोणीतरी एक भरून ठेवलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध मेलेल्या जनावरातून त्यांच्या पोटात गेलं आणि मूत्रपिंडं निकामी झाली. १९९२ ते २००७ या काळात भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त घटली. हे औषध कारणीभूत आहे हे २००४ मध्ये सिद्ध झालं आणि २००६ मध्ये गुरांसाठी त्याच्यावर बंदी आली. आज नाशिककर अंजनेरीला लांब चोचीची गिधाडं पाहायला जातात तेव्हा एकेक मोजतात. तुमचं हे गिधाड त्या औषधाच्या आधीचं आहे, तारीख आणि ठिकाणासकट. त्याच्या पंजाच्या गादीचा तांदळाएवढा तुकडा उद्या एखाद्या संशोधकाला साठ वर्षांपूर्वीच्या गोदाकाठच्या गिधाडांबद्दल सांगू शकेल. इंग्लंडमध्ये डीडीटीमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ झाली हे १९६७ मध्ये कळलं ते जुन्या संग्रहातल्या अंड्यांशी तुलना करूनच. ती अंडी गोळा करणाऱ्यांनी डीडीटीचं नावही ऐकलेलं नव्हतं.

बेट समुद्रातच असावं लागतं असं नाही, मॅडम. डोंगराचे दोन कडे आणि त्यांत उरलेली वीस घरटी, हेही बेटच झालं.

तर काय करायचं. प्राचार्यांना लेखी द्या की हे नमुने निकालात काढता येत नाहीत. यातले बरेच पक्षी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात; त्यांची मालकी, देवाणघेवाण, वाहतूक यांवर बंधनं आहेत आणि विक्रीचा तर प्रश्नच नाही. हलवण्याआधी उपवनसंरक्षक कार्यालयाला यादीसह कळवा आणि पोच घ्या. ‘कायद्यात अडकू’ म्हटलं की कार्यालयं थांबतात, हा माझा अनुभव आहे. विभागाची जुनी नोंदवही शोधा. लाल कापडी पाठीची, लांबट असते, बहुतेक प्रयोगशाळेच्या माळ्यावर रसायनांच्या बिलांत सापडते. मामांना विचारा. ज्या माणसाने इतकी वर्षं कबुतराची खरी ओळख जपली त्याला वहीचाही पत्ता असेल, आणि त्यांनी ती कोणाकडून ऐकली तेही लिहून घ्या.

हात लावायचा तर नायट्राइलचे हातमोजे आणि चांगला मास्क, आणि नंतर साबणाने हात. ब्रश, फुंकर, घरचा व्हॅक्यूम काही नको. आधी प्रत्येक पक्ष्याचा आणि लेबलाच्या दोन्ही बाजूंचा फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून. जुन्या लेबलाला हात न लावता नवं लेबल त्याच पायाला वेगळ्या दोऱ्याने बांधायचं. जुन्यावर जे दिसतं तेच त्यावर पेन्सिलीने उतरवायचं. वाचता न आलेलं अक्षर रिकामं सोडायचं, अंदाज लिहायचा नाही. डांबरगोळ्या ठेवू नका, त्यांनी कीड मरत नाही आणि खोलीतल्या माणसांना त्रास होतो. ज्यांच्याखाली ताजा भुसा दिसेल ते जाड पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे वीस अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर दव धरून कातडं ओलं होतं. नव्या इमारतीत कपाट खिडकीपासून लांब, आतल्या भिंतीला. आपला पावसाळा चार महिन्यांचा आहे, तेवढे दिवस सिलिका जेलच्या पिशव्या ठेवा आणि बदलत राहा.

गिधाडाचा पडलेला काचेचा डोळा फळीच्या फटीत असेल. तो शोधून कागदात गुंडाळा, त्यावर गिधाडाचा क्रमांक लिहा आणि ठेवून द्या. बसवायला मी येतो. येत्या रविवारी सकाळी दहानंतर मोकळा आहे, हातमोजे माझे मी आणतो. मामांना त्या दिवशी सुट्टी असली तरी बोलावून घ्या. ऑक्सफर्डच्या डोक्याचा एक मोठा छापील फोटो माझ्याकडे आहे, तो त्यांना दाखवायचाय.